वरातीतलं वाद्य आणि न्यायमूर्ती

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमधला माझा पहिला ऑक्टोबर. मॅरेथॉन बघायला शेजारणीने भल्या सकाळी ओढून नेलं. मफलर गुंडाळूनही दात वाजत होते. रस्त्याच्या कडेला एक धिप्पाड आजोबा सुझाफोन वाजवत उभे. आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये अंगाला वेटोळं घातल्यासारखं भलंमोठं भोंग्याचं वाद्य असतं ना, तेच! भों-भों, सूर यथातथाच. पण पळणारे त्यांच्याकडे बघून हात उंचावत होते. "आमच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होते," शेजारीण म्हणाली. "त्याआधी फुटबॉल खेळायचे."

हे अ‍ॅलन पेज. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा. १९६७ पासून ते मिनेसोटा व्हायकिंग्जकडून खेळले. काम एकच: समोरची माणसांची भिंत फोडायची आणि चेंडू फेकणाऱ्याला आडवं करायचं. १९७१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली. बचावफळीतल्या कुणाला हा मान त्याआधी मिळालाच नव्हता. संघ मात्र चार वेळा सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, पोहोचला आणि चारही वेळा हात हलवत परत आला. हा विषय इथे कुणाच्या घरी जेवताना काढू नये.

मला गंमत वाटली ती पुढच्या भागाची. बायकोच्या नादाने हे गृहस्थ पळायला लागले, लांबच लांब. वजन उतरलं. या जागेवर खेळायला हा आता हलका पडतो, असं संघाला वाटलं आणि १९७८ च्या हंगामातच त्यांना नारळ दिला. त्याच वर्षी, खेळता खेळता शिकून, त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती! मग शिकागो बेअर्सकडून १९८१ पर्यंत खेळले, वकिली केली. इथे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही मतं मागून निवडून येतात. १९९२ मध्ये पेज निवडून आले, त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. २०१५ मध्ये सत्तरी गाठल्यावर नियमाप्रमाणे निवृत्त झाले.

ओहायो राज्यातल्या कँटनमध्ये फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे, म्हणजे दिग्गज खेळाडूंचं गौरव-दालन. पेज त्याच गावचे. पोरवयात त्या इमारतीच्या बांधकामावर त्यांनी काम केलं होतं. १९८८ मध्ये तिथेच त्यांचा सन्मान झाला.

रात्री फोनवर बाबांना हे सगळं रंगवून सांगितलं. ते एकाच गोष्टीवर अडले.

"पळून वजन कमी केलं म्हणून नोकरी गेली? आणि तू मला रोज फिरायला जा म्हणतेस!"