उद्देश: स्पोर्ट्स

युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या फॉर्मवर ‘प्रवासाचा उद्देश’ असा एक रकाना असतो. टुरिझम, बिझनेस, कल्चरल वगैरेंच्या रांगेतच ‘स्पोर्ट्स’ही असतं. आम्ही जर्मनीतल्या कोलोनला निघालो होतो ते ऑगस्ट २०२५ मध्ये काउंटर-स्ट्राइक या कंप्युटर गेमच्या ‘आयईएम’ नावाच्या स्पर्धेचे शेवटचे तीन दिवस बघायला. ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पोर्ट्सच, म्हणून मी मोठ्या अभिमानाने तिथे खूण केली. तुम्ही करू नका. एवढं वाचून उठलात तरी चालेल.

नाशिकहून आदल्या रात्री ठाण्याला आत्याकडे मुक्काम, सकाळी मुंबईचं व्हिसा केंद्र. खिडकीवरच्या मुलाने फॉर्म बघितला आणि नवऱ्याला विचारलं, “सर, तुम्ही प्लेअर का?”

“छे, मी खायला चाललोय. मॅच हिला बघायचीय.”

“मग मॅडम प्लेअर?” हेही त्यालाच विचारलं.

मी म्हटलं, प्रेक्षक. तर म्हणे स्पोर्ट्स लिहिलंय, आयोजकांचं निमंत्रणपत्र आणा. मी तिन्ही दिवसांची तिकिटं पुढे सरकवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली. “हे मोबाइलवर खेळतात तेच ना?” कंप्युटरवर, असं मी दातओठ खात सांगितलं.

पेनाने खोडून भागत नाही. जर्मनीचा फॉर्म ऑनलाइन भरून बारकोडसकट छापायचा असतो, त्यामुळे एक खूण बदलली की अख्खा फॉर्म नव्याने, आणि आमचे तर दोन. आत मोबाइलला बंदी. खाली येऊन जिन्यात बसून फोनवर भरायला घेतलं, तर शेवटच्या पानावर सगळं उडालं. परत पासपोर्ट नंबरापासून सुरुवात. नवरा शेजारी बसून आत्याने दिलेल्या मेथीच्या पुऱ्या खात होता आणि मधूनमधून “अगं, स्पेलिंग बघ” म्हणत होता. झेरॉक्सवाला प्रिंट काढता काढता म्हणाला, “काल एकांनी कल्चरल केलं होतं.” वर गेलो तर टोकन नवं, रांग नवी. आमचं काम झालं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. माणशी ९० युरो फी, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही, त्यामुळे पुढचे सतरा दिवस मी नीट झोपले नाही.

विम्याचं कव्हर किमान ३०,००० युरोचं लागतं, आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही आधी मॅचची तिकिटं काढली आणि व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट नंतर शोधत बसलो, हा शुद्ध गाढवपणा.

पासपोर्ट हातात पडल्यावर मात्र सगळं सरळ झालं. डोमपाशी, म्हणजे तिथल्या मोठ्या कथीड्रलपाशी राहा, तिथून पुलावरून ऱ्हाइन नदी ओलांडली की डॉइट्झ हा भाग, तिथेच मॅचचं लांक्सेस अरेना. वरच्या कमानीमुळे गावातले लोक त्याला ‘हेंकेलमेनशेन’ म्हणतात, म्हणजे कामगारांचा कडीचा डबा. हे कळल्यावर नवरा पहिल्यांदा मॅचबद्दल उत्साहाने बोलला.

फायनलमध्ये स्पिरिट संघाने माऊझ या जर्मन संघाला ३-० ने धुतलं. घरचा संघ म्हणून सगळं अरेना माऊझच्या बाजूने, मीही, आणि समोर स्पिरिटचा अठरा वर्षांचा खेळाडू डोंक. माझा घसा बसला तो नाशिकपर्यंत.

खाण्याच्या तज्ज्ञाची फजिती ब्राउहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या बिअर-खानावळीत झाली. त्याने शब्दशः अर्थ शोधून ‘हाल्वर हान’ मागवलं, अर्धा कोंबडा. आला राय धान्याचा पाव, त्यावर गौडा चीजचा जाड तुकडा, कांदा, मोहरीचा सॉस. तो बराच वेळ चीज उचलून खाली बघत होता. ‘राइबेकूखेन’ मागवा, बटाट्याची कुरकुरीत थालीपिठंच, सोबत सफरचंदाची चटणी. क्योल्श बिअर २०० मिलीच्या बारीक ग्लासात येते आणि रिकामा ग्लास दिसला की वेटर न विचारता दुसरा ठेवून पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. बास म्हणायचं असेल तर चकती ग्लासवर झाकायची. हे आम्हाला नवव्या रेघेला कळलं.

आणि हो, फायनल रविवारी असते, रविवारी तिथली दुकानं बंद. पाणी, फळं शनिवारीच घेऊन ठेवा.