पालेर्मो: एका दगडावर चार लिप्या

इटलीच्या सिसिली बेटावरच्या पालेर्मोला जायचं ठरलं ते आईमुळे. ती पुण्यात शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्तीनंतर मोडी शिकली आणि आता जुने कागद वाचणं हाच तिचा दिवसभराचा उद्योग आहे. एका पुस्तकात तिला एका दगडाचा फोटो दिसला: एकाच बाईचा मृत्युलेख, चार लिप्यांत कोरलेला. फोटोखाली लिहिलं होतं, ला झीझा, पालेर्मो. "हा बघायचाय," एवढंच ती म्हणाली.

मग ऑक्टोबरात आम्ही दोघी सिसिलीला गेलो आणि पाच रात्री पालेर्मोतच राहिलो. एकाच शहरात पाच रात्री कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. बहुतेक लोक इथे दीड दिवस थांबतात आणि एटना ज्वालामुखी, ताओर्मिना गाव गाठायला निघतात. माझं मत सांगते: दीड दिवसच असेल तर पालेर्मोला जाऊच नका, पुढच्या वेळेसाठी ठेवा. हे शहर रस्त्यावरून धुळकट, काही ठिकाणी पडकं दिसतं. १९४३च्या बॉम्बहल्ल्यांच्या खुणा जुन्या भागात अजून आहेत. खरं वैभव दारांच्या आत आहे, आणि ती दारं आपल्या सोयीने उघडत नाहीत.

मुंबईहून जायचं तर वाटेत, उदाहरणार्थ रोम किंवा मिलानला, विमान बदलावं लागतं. आम्ही आधी नापोलीत होतो, म्हणून तिथून रेल्वेने गेलो. वेळ भरपूर लागतो, जवळजवळ अख्खा दिवस, पण मेस्सिनाच्या सामुद्रधुनीपाशी आगगाडीचे डबे रुळांसकट बोटीच्या पोटात ढकलतात, ते बघण्यासाठी तेवढा दिवस द्यावा. डबे आत गेले की खाली उतरून वर डेकवर जाता येतं. आई कठड्याला धरून उभी होती आणि एका बाजूला इटली मागे जाताना, दुसऱ्या बाजूला सिसिली जवळ येताना बघत होती. पुढे पालेर्मोपर्यंत बराच वेळ समुद्र खिडकीला लागून असतो. विमानाने आलात तर विमानतळावरून मुख्य स्टेशनपर्यंत बस आणि रेल्वे दोन्ही मिळतात. या विमानतळाला फाल्कोने आणि बोर्सेलिनो या न्यायाधीशांची नावं आहेत. माफियाविरुद्धचे खटले उभे करणाऱ्या या दोघांनाही १९९२मध्ये बॉम्बस्फोटात मारलं गेलं. शहराकडे येताना कापाची गावाजवळ महामार्गाच्या कडेला उंच लाल स्तंभ दिसतो. फाल्कोने गेले ती जागा तीच.

राहायला जागा शोधताना क्वात्रो कान्ती हा चौक मध्यबिंदू धरा. तिथून सगळं चालत होतं. मात्र बुकिंग करताना लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्या. आमच्या जागेच्या फोटोंत सुंदर जुना जिना होता. तोच एकमेव रस्ता असल्याचं पोहोचल्यावर कळलं. चौथा मजला, दोन बॅगा आणि आईचे गुडघे. भाड्याची गाडी तर घेऊच नका. जुन्या शहरात वाहनांना निर्बंध आहेत आणि चुकून आत शिरलात तर कॅमेरे नंबर टिपतात, दंड नंतर घरी येतो.

पहिल्या सकाळी कपेला पलातिना, म्हणजे उत्तर फ्रान्सातून येऊन इथे राज्य केलेल्या नॉर्मनांच्या राजवाड्यातलं प्रार्थनागृह. राजवाड्याचं दार साडेआठला उघडतं. सव्वाआठलाच रांगेत उभं राहा, तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. दहानंतर मोठ्या जहाजांवरचे गट येतात आणि मग त्या लहानशा प्रार्थनागृहात उभं राहायलाही जागा उरत नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तो वार टाळा. राजवाड्यात आजही सिसिलीची विधानसभा भरते, त्यामुळे राजाचे खासगी महाल साधारणपणे मंगळवार ते गुरुवार बंद असतात. तेही बघायचे तर शुक्रवार ते सोमवार यांतला दिवस धरा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपल्या पंजाबी ड्रेसला काहीच अडचण नाही.

आत पाऊल टाकल्यावर आई काही बोललीच नाही. घुमटात, कमानींवर, भिंतींवर सगळीकडे सोनेरी काचेचे बारीक तुकडे बसवलेले, आणि त्या सोन्यातून वरून बघणारा ख्रिस्त. ही कारागिरी बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातली; अक्षरं ग्रीक आणि लॅटिन. पण मान आणखी वर करून मधल्या दालनाचं छत बघा. ते लाकडी आहे, मधाच्या पोळ्यासारखं कोनाड्या-कोनाड्यांचं, अरब पद्धतीचं, आणि त्यावर अरबी अक्षरांत शुभेच्छांचे शब्द लिहिलेत. ख्रिस्ती राजाच्या देवघराच्या छतावर पेला हातात धरून बसलेली माणसं, वाद्यं वाजवणारे, नाचणाऱ्या बायका रंगवल्या आहेत. बुद्धिबळ खेळणारे दोघेही त्यांत आहेत. चतुरंग भारतातून इराणात, तिथून अरबांकडे आणि अरबांकडून या छतावर पोहोचला. ते दोघे आम्हाला खालून शेवटपर्यंत सापडले नाहीत, दुकानातल्या पुस्तकात बघितले. छोटी दुर्बीण नक्की न्या. आम्ही नेली नव्हती आणि त्याची मला अजून चुटपुट लागते.

हे सगळं दुसरा रॉजर या नॉर्मन राजाने बांधलं. अरबांनी पालेर्मो ८३१मध्ये घेतलं, नॉर्मनांनी १०७२मध्ये त्यांच्याकडून जिंकलं, आणि ११३०च्या नाताळात रॉजरला इथे राज्याभिषेक झाला. त्याच्या कचेरीत लॅटिन, ग्रीक आणि अरबी तिन्ही भाषांत कागद निघत. प्रार्थनागृहाबाहेरच्या भिंतीत ११४२चा एक लेख बसवलेला आहे, तो गर्दीत बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. राजाने पाण्यावर चालणारं घड्याळ करवलं, ही बातमी तिथे तिन्ही भाषांत कोरली आहे. आई त्यापुढे पंधरा मिनिटं उभी होती. "आदिलशाही कागदावर वर फारसी आणि खाली मोडीत मराठी असते ना, तसंच गं हे," ती म्हणाली. ज्याच्याकडून महसूल घ्यायचा त्याच्या भाषेत त्याला लिहायचं, राज्य चालवायची ही रीत तिच्या रोजच्या वाचनातली होती.

याच राजवाड्याच्या मनोऱ्यावरच्या वेधशाळेतून जुझेप्पे पियाझ्झी यांनी १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस शोधला, लघुग्रहांतला पहिला. जवळच्या कॅथेड्रलच्या फरशीत त्यांनीच आखलेली मध्यान्हरेषा आहे. छपराच्या छिद्रातून येणारा उन्हाचा ठिपका दुपारी तिच्यावर सरकतो. कॅथेड्रल बाहेरून जितकं देखणं तितकं आतून साधं वाटलं. पण दोन गोष्टी चुकवू नका. दक्षिणेच्या दरवाजाच्या मंडपात डावीकडच्या खांबावर कुराणातली आयत कोरलेली आहे. आणि आत लाल-जांभळ्या दगडाच्या पेट्यांत दुसरा रॉजर आणि त्याचा नातू सम्राट दुसरा फ्रेडरिक आहेत.

ला मार्तोराना या चर्चला सकाळीच जा, दुपारी ते बंद होतं. रॉजरचा नौसेनापती, अँटिऑकचा जॉर्ज, याने ते ११४३च्या सुमारास बांधलं. दाराजवळच्या भिंतीवर रॉजरचं चित्र आहे. प्रत्यक्ष ख्रिस्त त्याला मुकुट घालतोय आणि डोक्यावर ग्रीक अक्षरांत लिहिलंय, 'रोगेरिओस रेक्स'. शब्द लॅटिन, लिपी ग्रीक! चेहराही ख्रिस्ताच्या चेहऱ्यासारखाच काढलाय. ११८४च्या नाताळात अरब प्रवासी इब्न जुबैर इथे आला होता आणि या चर्चच्या सौंदर्याने भारावून गेला होता. शेजारचं लाल घुमटांचं सान काताल्दो आतून अगदी उघडंबोडकं आहे. सोन्याने दिपलेल्या डोळ्यांना तिथे पाच मिनिटं बरं वाटतं.

क्वात्रो कान्ती आणि प्रेतोरिया कारंजं येता-जाता दिसतातच, त्यांना वेगळा वेळ द्यायची गरज नाही. कापुचिन मठातलं शवांचं तळघर आम्ही मुद्दाम बघितलं नाही.

आता खाण्याचं. मी शाकाहारी, आई तर कट्टर, आणि पालेर्मोत आम्ही फार सुखात होतो. कारण पानेल्ले. बेसन पाण्यात घोटून शिजवायचं, पाटवडीसारखं थापायचं, गार झालं की काप काढून तळायचं. हे काप तीळ लावलेल्या पावात भरून वर लिंबू पिळून देतात. सोबत पुदिना घातलेले बटाट्याचे तळलेले लांबट गोळे असतात, त्यांना क्रोक्के म्हणतात. बाल्लारो बाजारात पहिला घास घेतल्यावर आईने डोळे मिटले. "हिरवी मिरची असती तर पुण्यातच आहोत असं वाटलं असतं." त्यानंतर पिशवीत लसणीची चटणी ठेवायची आमची पद्धतच पडली. तीनेक युरोंत पोट भरतं.

पण सावध राहा. स्फिंचोने हा जाड, मऊ पिझ्झा शाकाहारी दिसतो, त्यात बहुधा बारीक मासळी असते. आरान्चिना म्हणजे भाताचा मोठा तळलेला गोळा. त्यातला 'बुर्रो' प्रकार नावाने लोण्याचा असला तरी आत बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. कान्नोलोच्या कुरकुरीत नळीत परंपरेने चरबी घालतात. दोन शब्द पाठ करा: 'सेन्झा कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, 'सेन्झा पेशे' म्हणजे मासळीशिवाय. कापोनाता मात्र मागाच. तळलेलं वांगं, सेलरी, ऑलिव्ह, आंबटगोड रस, आणि ती गारच खातात. हॉटेलात बसलात की माणशी थोडा बसण्याचा आकार बिलात लागतो, ती फसवणूक नव्हे.

आरान्चिना म्हणजे छोटं संत्रं. इटालियन आरांचा, अरबी नारंज, फारसी नारंग आणि संस्कृत नारङ्ग, म्हणजे आपलं नारिंग. वांग्याचं इटालियन नावही अरबी-फारसीतून मागे जात आपल्याच शब्दाच्या घरी पोहोचतं. लिंबू, नारिंग, वांगं, ऊस ही पिकं अरबांच्या काळात इथे रुजली. बाजारातल्या टोपल्यांसमोर उभं राहून आईने मला हे सगळं समजावलं, आणि भाजीवाल्या काकांनी काहीही न कळता आम्हाला एक संत्रं दिलं.

दुपारी एक ते चार हे शहर वामकुक्षी घेतं. चर्च बंद, दुकानं बंद. तेव्हा तुम्हीही झोपा आणि संध्याकाळी जुन्या गल्ल्यांत फिरा. क्वात्रो कान्तीहून स्टेशनकडे जाताना डाव्या हाताच्या भागात रस्त्यांच्या पाट्या तीन लिप्यांत आहेत: इटालियन, हिब्रू, अरबी. ज्यूंची वस्ती इथे होती. १४९२च्या फर्मानाने त्यांना सिसिलीतून घालवलं गेलं. घरं दुसऱ्यांची झाली, शहराने नावं मात्र पुन्हा लिहून ठेवली आहेत.

जवळच्या मोनरेआले गावासाठी अर्धा दिवस काढा. पियात्सा इंदिपेंदेन्झाहून ३८९ नंबरची बस वर डोंगरावर जाते. तिकीट आधी तंबाखूच्या दुकानातून घ्या आणि बस उशिरा येईल हे धरून चाला. रॉजरचा नातू दुसरा विल्यम याने बांधलेल्या तिथल्या कॅथेड्रलमध्ये सहा हजार चौरस मीटरहून जास्त भिंत मोझेकने, म्हणजे तशाच बारीक तुकड्यांनी, मढवली आहे: सृष्टीची निर्मिती, नोहाची नौका, सगळी कथा सोन्यावर. कपेला पलातिना आधी बघितलं असेल तर इथे माणूस थोडा दमतो, म्हणून एक भिंत निवडून तीच नीट बघा. गर्भगृहाकडच्या संतांत इंग्लंडचा आर्चबिशप थॉमस बेकेट शोधा. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या सरदारांनी ११७०मध्ये त्याला मारलं, आणि ज्या राजाने त्याचं चित्र इथे लावलं तो हेन्रीचा जावई. शेजारच्या मठाच्या चौकात दोनशेहून जास्त खांब जोडीजोडीने उभे आहेत, त्यांच्या माथ्यावरचं नक्षीकाम वेगवेगळं. तिकीट वेगळं लागतं. काढाच.

पाऊस पडला त्या दिवशी सान लोरेन्झोच्या प्रार्थनागृहात गेलो. शिल्पकार सेर्पोत्ताने चुन्याच्या गिलाव्यात घडवलेली पांढरीशुभ्र मुलं भिंतीभर खेळतात. वेदीवर प्रसिद्ध चित्रकार काराव्हाज्जोचं चित्र होतं. ते ऑक्टोबर १९६९मध्ये चोरांनी चौकटीतून कापून नेलं. आज तिथे प्रतिकृती आहे. ओल्या रस्त्यांवर जपून चाला, तिथला गुळगुळीत दगड फार घसरतो.

ला झीझा आम्ही शेवटच्या सकाळसाठी राखून ठेवलं होतं. जुन्या शहराबाहेर, साध्या वस्तीत उभा असलेला हा नॉर्मन राजांचा उन्हाळी महाल. नाव अरबी 'अल-अझीझा'वरून. खालच्या दालनात कारंज्याचं पाणी दगडी पाटातून वाहत बाहेर जाई आणि समुद्रावरचा वारा आत येऊन थंड होई. आमच्याशिवाय तिथे फक्त एक शाळेची सहल होती.

दगड अगदी छोटा आहे. राजाच्या पदरी असलेल्या ग्रिझांतो नावाच्या पाद्रीने आपली आई अन्ना हिच्यासाठी ११४९मध्ये तो करवला. मध्ये क्रॉस, डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी, आणि वर हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी. अन्ना गेली ते वर्ष प्रत्येक बाजूला ज्याच्या-त्याच्या गणनेने दिलंय: ११४८, जगाच्या उत्पत्तीपासून ग्रीकांचं ६६५६, हिजरी ५४३, ज्यूंचं ४९०८. आईने चष्मा पुसला. अरबी तिला येत नाही, पण मोडी कागदांवरच्या शुहूर सनाचे आकडे तिला तोंडपाठ आहेत, आणि ते अरबीच आहेत. "सलास, अर्बैन, खमस मया," ती हळूच म्हणाली. "तीन, चाळीस, पाचशे."

मग तिने डायरी उघडली, चारही वर्षं एकाखाली एक उतरवली, बोटांवर काही हिशेब केला आणि खाली पाचवी ओळ लिहिली: शके १०७०.