एक ‘आर’, तीन मुलुख

रोमन ‘ए’च्या डोक्यावर तिरकी रेघ आणि शेजारी ‘आर’ हे अक्षर. एवढासा शब्द हंगेरियन, आइसलँडिक आणि आयरिश या तिन्ही भाषांत आहे. हंगेरीत आणि आयर्लंडात उच्चार साधारण ‘आर’, आइसलँडात ‘आउर’. अर्थांचा मात्र एकमेकांना पत्ता नाही.

आइसलँडात तो म्हणजे वर्ष. जर्मन ‘यार’चा हा सख्खा भाऊ, उत्तरेकडे आला आणि सुरुवातीचा ‘य’ गळाला. जुन्या काळी चांगल्या पीकपाण्यालाही हाच शब्द होता. पावसाच्या नावाने ‘वर्ष’ मोजणाऱ्या आपल्याला हे सहज पटावं. शिवाय वल्हं म्हणजेही आउर, आणि नद्यासुद्धा.

आयरिश ‘आर’ म्हणजे ‘आमचा’. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना तिथे याच शब्दाने सुरू होते. पण तस्साच लिहिला जाणारा दुसरा ‘आर’ म्हणजे कत्तल. १७३९-४०च्या हिवाळ्यात बटाटे गोठून नासले, मागोमाग दुष्काळ आला, लाखो माणसं गेली. १७४१ला आयरिश माणूस आजही ‘कत्तलीचं वर्ष’ म्हणतो, आणि त्या नावात हाच शब्द आहे.

हंगेरियन ‘आर’ म्हणजे किंमत, आणि पूरही. या दोन शब्दांचं आपसात नातं असेल-नसेल, १९४६च्या जुलैत हंगेरियन माणसाने तो फरक विचारलाच नसता. तेव्हा भाव साधारण पंधरा तासांत दुप्पट होत होते. सकाळी हातात पडलेला पगार रात्रीपर्यंत जवळजवळ निम्मा! शेवटी ऑगस्टमध्ये ‘पेंग्यो’ हे चलनच मोडीत काढून ‘फोरिंट’ आणावं लागलं.

कुठलाही परका शब्द दिसला की त्याला संस्कृत मूळ चिकटवणाऱ्यांपासून मी चार हात लांब असतो. पण हंगेरियनमध्ये आणखी एक ‘आर’ आहे: चामड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार. हा शब्द फार पूर्वी, हंगेरियनच्या पूर्वज भाषेने इंडो-इराणी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून उचलला, असं भाषातज्ज्ञ मानतात. संस्कृतात तो ‘आरा’. आणि आपल्याकडे चप्पल शिवणाऱ्याच्या हातात असते ती आरी!

जमीन मोजायचा आरही हंगेरियनमध्ये आहे, शंभर चौरस मीटरचा. तो मात्र फ्रेंचांच्या मोजमापातून सगळीकडे पसरला. आपल्या सातबाऱ्यावरही हेक्टरच्या शेजारी तोच बसलेला असतो.