हौसिंगमधलं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं तेव्हा

पिकअपच्या मागच्या हौसिंगचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या लोखंडी डब्याचं, ऑइल बदलायला मला तीन तास लागले. नवं ऑइल भरायला त्यातली पंधरा मिनिटंच गेली. बाकीचा वेळ माती काढण्यात आणि जुनं ऑइल नीट बघण्यात गेला, आणि खरं काम तेच आहे.

आधी गाडी होटगी रोडला आठ-दहा किलोमीटर फिरवून आणली. गार ऑइल काकवीसारखं संथ सुटतं आणि गाळ तळालाच राहतो. गाडी सपाट जागी लावून चाकांना दगड लावले. मग वायर ब्रशनं दोन्ही बुचांभोवतीची माती काढली. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते. ती बुचाच्या भोकातून आत पडली तर गिअरला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं.

सोडायचं ते आधी वरचं, म्हणजे भरायचं बूच. खालचं आधी सोडलं आणि वरचं गंजून बसलेलं निघालं, तर हौसिंग रिकामं आणि गाडी जागेवर. माझंही बसलेलंच होतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबलो, हातोडीचे हलके टोले दिले, मग मापाचा पाना लावला. इथे स्क्रू पाना नको. कडा गोल झाल्या की वेल्डिंगवाल्याला बोलवावं लागतं.

खालच्या बुचाच्या चुंबकावर काजळासारखा राखाडी लेप होता. तेवढी झीज चालते. बोटात चोळताना कण टोचले किंवा दाताचा तुकडा सापडला, तर नवं ऑइल भरून उपयोग नाही, क्राऊन-पिनियन (इंजिनची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) आणि बेअरिंग उघडून बघावंच लागतं. पण माझं ऑइल दुधाच्या चहासारखं गढूळ होतं. म्हणजे आत पाणी.

पाणी कुठून आलं, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. ॲक्सलच्या नळीवर हवा ये-जा करायला टोपीसारखा छोटा ब्रीदर असतो. तो मातीनं गच्च बुजला होता. गाडी चालून हौसिंग तापलं की आतली हवा फुगते आणि ब्रीदर बंद असल्यानं ऑइल अडवणाऱ्या सीलवर जोर देते. तेच तापलेलं हौसिंग ओढ्याच्या पाण्यात गार झालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढलं जातं. पिनियनचा दांडा बाहेर येतो तिथलं पिनियन सील ओलसर दिसतं त्यामागे पुष्कळदा हाच ब्रीदर असतो. नुसतं सील बदललं तर नवंही गळतं. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुतला, फुंकर आरपार जाते हे बघून परत बसवला.

डिझेल हौसिंगमध्ये मात्र ओतू नये. ते ॲक्सलच्या नळ्यांत साचून राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. मी त्याच ग्रेडचं अर्धा लिटर गिअर ऑइल घातलं, मागची दोन्ही चाकं स्टँडवर घेतली, हातानं फिरवली आणि पुन्हा सगळं सोडलं. दुसऱ्या वेळी रंग निवळला.

ग्रेड गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच घ्यावा. माझ्या गाडीला जीएल-५ प्रतीचं ८५डब्ल्यू-१४० जाडीचं ऑइल चालतं. क्राऊन-पिनियनसारख्या हायपॉइड गिअरचे दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं वाचवतात. उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये खपवू नका. तिथे जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ नं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगांना धोका असतो.

१४० जाड असतं, पंपानं चढत नाही. डबा अर्धा तास उन्हात ठेवला, सोलापूरच्या एप्रिलात एवढं पुरतं. खालच्या बुचाला नवा वॉशर घातला, गाडी स्टँडवरून खाली घेतली आणि वरच्या भोकाच्या खालच्या काठाला ऑइल लागेपर्यंत भरलं. पाच मिनिटांनी ते नळ्यांत उतरून पातळी खाली गेली, पुन्हा थोडं घातलं. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून चढाला गाडी लावून भरू नये. जास्तीचं ऑइल ॲक्सल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि लायनर भिजले की मागचे ब्रेक लागत नाहीत.

आत पाणी होतं, म्हणून हजारेक किलोमीटरनी हे ऑइल पुन्हा सोडून बघणार आहे. रात्री पिनियन सीलखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता. सकाळी तो कोरडा निघाला.