कॅनडातलं नॅसकार: गर्दी आहे, पण बातमी कुठाय?

2007 च्या मे महिन्यात नॅसकारनं (अमेरिकेतली स्टॉक कार रेसिंगची संस्था, स्टॉक कार म्हणजे दिसायला रोजच्या गाडीसारख्या रेसच्या गाड्या) कॅनडात स्वतःच्या नावाची सिरीज सुरू केली, ओंटारियोतल्या केयुगाच्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, पहिली रेस झाली, डॉन थॉमसन ज्युनियर जिंकला, आणि त्या आठवड्यात पेपर उघडा नाहीतर टीव्ही लावा, सगळीकडे हॉकी. म्हणजे एरवीही इथे हॉकीच असते पण त्या वर्षी ओटावा सेनेटर्स हा हॉकी संघ स्टॅन्ले कपच्या फायनलला पोचलेले, त्यामुळे बाकी जगात काय चाललंय याचं कुणाला घेणंदेणं नव्हतं. सेनेटर्स हरले, हॉकी संपली, आता तरी जरा जागा मिळेल म्हणावं तर 10 जूनला माँट्रियलला एफ-वनची ग्रांप्री, त्यात लुईस हॅमिल्टन नावाचा नवा पोरगा आयुष्यातली पहिली ग्रांप्री जिंकला आणि कुबित्सा नावाच्या ड्रायव्हरनं असा काही भयानक क्रॅश केला की तो जिवंत बाहेर आला हीच मोठी बातमी. नव्या सिरीजचा मुहूर्त कुणी काढला होता देव जाणे.

मी तेव्हा कॅनडात नवीनच होतो, ओव्हलवर गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांत काय बघायचं असतं हे मला अजिबात कळायचं नाही. आता कळतं. आणि आता जो प्रश्न डोक्यात बसलाय तो वेगळाच आहे, की या सिरीजला लोक येतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, तरी सोमवारी ऑफिसात कुणाला विचारलं की काल कोण जिंकलं तर अशी सिरीज आहे हेच माहीत नसतं. हे असं का?

थोडी पार्श्वभूमी सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी हा पॅरा सोडून द्या. नॅसकार यायच्या आधी इथे कॅसकार होतं. 1981 मध्ये टोनी नोवोट्नी नावाच्या माणसानं सुरू केलं, छोट्या छोट्या ट्रॅकवरच्या लोकल रेसिंगला एका छत्राखाली आणलं. 2006 मध्ये नॅसकारनं ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षीपासून नाव झालं नॅसकार कॅनेडियन टायर सिरीज. कॅनेडियन टायर म्हणजे काय ते इथल्या आपल्या लोकांना सांगायला नको, पहिल्या हिवाळ्यात बर्फ उपसायचं फावडं आपण सगळ्यांनी तिथूनच आणलंय. नावात टायर आहे पण हॉकी स्टिकपासून तंबूपर्यंत सगळं मिळतं. तर स्पॉन्सर असा की घराघरात पोचलेला, नाव असं की अमेरिकेत त्या नावावर लाखभर माणूस जमतो, ड्रायव्हर तेच जुने कसलेले. कागदावर सगळं बरोबर होतं.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे टीव्हीवालेसुद्धा घरचेच. नॅसकार कॅनडा ही कंपनी 2004 साली निघाली तीच मुळी नॅसकार आणि टीएसएन यांच्या भागीदारीतून. टीएसएन म्हणजे इथलं तेव्हाचं सगळ्यात मोठं स्पोर्ट्स चॅनल. मग रेस लाइव्ह दाखवायला काय हरकत होती? पण नाही, रेस व्हायची वीकेंडला, ती कापून छाटून तासाभराची करायची आणि नंतर कधीतरी दाखवायची. आता मला सांगा, निकाल लागून गेलेली रेस बघायला कोण बसणार? ज्याला खरंच आवड आहे त्यानं निकाल आधीच शोधलेला असतो, आणि ज्याला आवड नाही तो हायलाइट्स कशाला बघतोय. शिवाय स्टॉक कार रेसिंगची मजा शेवटच्या दहा लॅपमध्ये (फेऱ्यांमध्ये) नसते, ती त्याआधीच्या दोनशेत साठत जाते. कोण कुणाला मघाशी घासून गेला, कोण टायर वाचवून चालवतोय, कुणाच्या डोक्यात राग आहे. एडिटिंगवाला नेमकं तेच कापतो आणि फक्त ठोकाठोकी ठेवतो. मग बघणाऱ्याला वाटतं की ही नुसती ठोकाठोकी आहे.

मला वाटतं तिथेच पहिलं पाणी मुरलं. कारण पेपरवाला टीव्हीच्या मागे जातो. टीव्हीवर लाइव्ह नाही म्हणजे त्याच्या दृष्टीनं इव्हेंट घडलाच नाही.

बरं, पेपरात काहीच येत नव्हतं असंही नाही. यायचं, पण कसं, तर गावच्या पेपरात गावच्या पोराबद्दल. स्कॉट स्टेकली मिल्व्हर्टनचा, डीजे केनिंग्टन सेंट थॉमसचा, अँड्र्यू रेंजर क्यूबेकमधल्या रॉक्सटन पाँडचा. नकाशावर बोट ठेवून शोधावी लागतील अशी गावं. तिथल्या पेपरात फोटोसकट बातमी, वडिलांचं गॅरेज, आईची मुलाखत, सगळं. पण मिल्व्हर्टनच्या वाचकाला केनिंग्टनचं कौतुक नाही आणि सेंट थॉमसच्या वाचकाला स्टेकलीचं. चॅम्पियनशिप कुणामध्ये चाललीये, कोण कुणाच्या किती पॉइंट्स मागे आहे, ही जी अख्ख्या सीझनची गोष्ट असते ती सलगपणे सांगणारा कुणी नव्हता. पहिल्या वर्षी रेंजर चॅम्पियन झाला, दुसऱ्या वर्षी स्टेकली, आणि टोरंटोतल्या दहा माणसांना विचारलं असतं तर दहाच्या दहा जणांनी खांदे उडवले असते.

केनिंग्टनचंच बघा ना. 2010 आणि 2012, दोन वेळा देशाचा चॅम्पियन. तेव्हा राष्ट्रीय पातळीवर त्याला कुणी फार विचारलं नाही. 2017 मध्ये तो डेटोना 500 ला, म्हणजे नॅसकारच्या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या रेसला, क्वालिफाय झाला, 1988 नंतर त्या रेसमध्ये उतरलेला पहिला कॅनेडियन, आणि मग काय, सगळे मायक्रोफोन घेऊन धावले. म्हणजे घरात दोनदा पहिला आला त्याचं काही नाही, शेजाऱ्याच्या घरी जेवायला बोलावलं त्याची हेडलाइन. ही कॅनडाची जुनी खोड आहे, गायकांचं नटांचंही तेच, आधी अमेरिकेनं हो म्हटलं पाहिजे. (आपण हसायला नको, आपल्याकडेही बाहेरून शिक्का बसल्याशिवाय कुठे कुणाला मोजतात.)

आता गर्दीचं. इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय कारण या विषयावर चर्चा निघाली की लोक माँट्रियलचे फोटो दाखवतात. बघा किती गर्दी! अरे हो, पण ती गर्दी कुणाची? 2007 च्या ऑगस्टमध्ये माँट्रियलच्या सर्किट जिल विल्नव्ह या एफ-वनच्या ट्रॅकवर नॅसकारची बुश सिरीज आली, अमेरिकेतली दुसऱ्या नंबरची सिरीज, आणि स्टँड भरून गेले. पॅट्रिक कारपेंटिये हा क्यूबेकचा पोरगा दुसरा आला, तर रॉबी गॉर्डन नावाच्या ड्रायव्हरनं वेगळाच तमाशा केला. अधिकारी सांगताहेत मागे जा, हा गेला नाही, मार्कोस अँब्रोजला फिरवून टाकला, काळा झेंडा (म्हणजे ट्रॅक सोड) दाखवला तरी थांबला नाही, जिंकला केव्हिन हार्विक आणि टायरचा धूर काढत विजय साजरा करतोय गॉर्डन पण! पुढच्या वर्षी पाऊस पडला आणि नॅसकारच्या मोठ्या सिरीजमधली पहिलीच पॉइंट्सची रेस पावसाळी टायरवर झाली, वायपर लावून, आणि ती आपल्या रॉन फेलोजनं जिंकली, पक्का कॅनेडियन. याच्या बातम्या आल्या, भरपूर आल्या. कॅनेडियन टायर सिरीजची रेसही त्याच वीकेंडला त्याच ट्रॅकवर असायची, मोठ्या शोच्या आधीची. मग तिला किती प्रेक्षक होते म्हणायचे? तिकीट फाडलेले सगळे? की सकाळी लवकर येऊन बसलेले?

दुसऱ्याच्या मांडवात बसून पाहुणे मोजायचे तसला प्रकार. आणि यात एक धोका असतो तो नंतर कळतो. मांडव उठला की पाहुणेही गेले. माँट्रियलची ती मोठी रेस 2012 नंतर बंद पडली. एडमंटनला इंडीकार या दुसऱ्या अमेरिकन सिरीजच्या सोबतीनं विमानतळाच्या धावपट्टीवर रेस व्हायची, ती इंडीही गेली आणि नंतर विमानतळच बंद झाला. कॅलगरीचा रेस सिटी ट्रॅक 2011 ला गेला. पश्चिमेकडे तर एक ट्रॅक गेला की पुढचा ट्रॅक शेकडो किलोमीटरवर, मग त्या शहरातल्या पेपरवाल्याला वर्षातून एकदा लिहायचं निमित्त होतं तेही संपलं.

स्वतःची गर्दी बघायची असेल तर डेलावेअरला जावं. लंडनच्या जवळ (आपलं ओंटारियोतलं लंडन), अर्ध्या मैलाचा ओव्हल, 1952 पासून चालू. ऑफिसातला एक कोल्हापूरचा मित्र आहे, त्याला बळेच घेऊन गेलो होतो. तो म्हणाला भावा गर्दी आहे पण एकपण कॅमेरा कसा दिसेना? मी म्हटलं तेच तर. बाकांवर आधीच घोंगड्या अंथरून जागा धरलेल्या, ज्यांचे आजोबा त्याच बाकावर बसायचे अशी माणसं. रेसच्या आधी सगळ्या गाड्या समोरच्या सरळ पट्ट्यावर ओळीनं लावतात आणि प्रेक्षकांना खाली ट्रॅकवर सोडतात, ड्रायव्हर उभे असतात, पोरं हीरो कार्डावर (ड्रायव्हरच्या फोटोच्या कार्डावर) सह्या घेतात, एक पाचेक वर्षांचा पोरगा गाडीच्या टायरला हात लावून बघत होता आणि हाताला लागलेलं काळं रबर आईच्या जॅकेटला पुसत होता, आई काही बोलली नाही, तिच्या जॅकेटवर आधीचेच डाग होते. मग हिरवा झेंडा पडला आणि वीस-बावीस गाड्यांची व्ही-एट इंजिनं एकदम पेटली तेव्हा आमचा कोल्हापूरकर कानात बोटं घालून हसायला लागला. एक लॅप वीस सेकंदांच्या आत. फ्राइजवर रबराची बारीक पूड येऊन बसते ती तशीच खायची. येताना गाडीत तोच मला विचारत होता, पुढची कधी आहे.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीला कसं असतं, घाटावर मुंगी शिरायला जागा नाही आणि शहरातल्या पेपरला पत्ताच नाही, हुबेहूब तेच.

पण मग आकडा सांगा म्हटलं तर कुणी सांगत नाही. छोट्या ट्रॅकवर गेटवर रोख पैसे देऊन आत येणारे, पास घेऊन येणारे, पिटच्या (गाड्यांची देखभाल होते त्या) बाजूनं येणारे ड्रायव्हरच्या घरचे लोक, याचा हिशोब ट्रॅकमालकाच्या वहीत. आणि खुद्द अमेरिकेतल्या नॅसकारनं 2013 पासून प्रेक्षकसंख्येचे अंदाज द्यायचे बंद केले. आकडा पडायला लागला की आकडा द्यायचाच नाही, सोप्पं! पण कॅनडातल्या सिरीजला हे परवडत नव्हतं. स्पोर्ट्स एडिटरला पटवायचं असेल तर त्याच्यापुढे काहीतरी ठेवायला लागतं, इतकी माणसं आली, इतकी गेल्या वर्षीपेक्षा जास्त. 'बरीच गर्दी होती' यावर कोण वार्ताहर पाठवणार.

क्यूबेकचं मात्र वेगळं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. तिथे जिल विल्नव्ह हा जुना एफ-वन ड्रायव्हर देवासारखा आहे, आरडीएस या स्पोर्ट्स चॅनलवर फ्रेंचमध्ये मोटरस्पोर्ट बोलणारे जाणकार आहेत, आणि त्र्वा-रिव्हियेर हे गाव आहे. 1967 पासून तिथे गावातल्या रस्त्यावर रेस होते, ट्रॅक पोर्त ड्युप्लेसी नावाच्या जुन्या काँक्रीटच्या कमानीखालून जातो, कमान अरुंद, दोन गाड्या एकदम घुसल्या तर बघणाऱ्याचाच श्वास अडकतो. तिथे ही सिरीज पाहुणी नाही, मुख्य कार्यक्रम आहे. वर एलपी ड्युमुलॅन हा त्याच गावचा, 2014 ला चॅम्पियन, 2018 ला परत. गावचा पोरगा, गावची रेस, गावचा पेपर. ओंटारियोला हे जमलं असतं का? मला वाटतं जमलं असतं, कारण माणसं होतीच, पण टोरंटोच्या मीडियाला गावाकडच्या गोष्टी एकतर कौतुकाच्या वाटतात नाहीतर दिसतच नाहीत.

सिरीज अजून चालू आहे बरं का. मध्ये 2016 पासून पिंटीज सिरीज होती, पिंटीज म्हणजे फ्रीझरमधले चिकन विंग्ज, आता नुसतं नॅसकार कॅनडा सिरीज. त्याच 2016 ला केडन लॅपसेव्हिच हा ग्रिम्सबीचा पोरगा सोळाव्या वर्षी चॅम्पियन झाला, ज्या वयात ओंटारियोत साधं जी-वन लर्निंग लायसन्स मिळतं आणि शेजारी मोठं माणूस बसवल्याशिवाय गाडी काढता येत नाही. आपल्यातले कितीजण चाळिशीत जी-टूच्या (त्या पुढच्या लायसन्सच्या) टेस्टला नापास होऊन आलेत ते मी इथे लिहीत नाही. 2023 ला त्याचा भाऊ ट्रेटन चॅम्पियन. दोन भाऊ, दोघेही चॅम्पियन, एकाच घरातले! हॉकीत असं झालं असतं तर त्यांच्या कुत्र्याचीही मुलाखत आली असती.

स्ट्रीमिंग आल्यापासून बघणं सोपं झालंय, मोटरस्पोर्टला वाहिलेलं रेव्ह टीव्हीसारखं चॅनल आहे, ड्रायव्हर स्वतःच फोनवर व्हिडिओ टाकतात, त्यामुळे ज्याला शोधायचंय त्याला आता सापडतं. ज्याला माहीतच नाही त्याच्यासमोर कसं येणार हा प्रश्न 2007 ला होता तिथेच आहे.

मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या मंडळींनो, सुरुवात मॉसपोर्टनं करा, आता त्याला कॅनेडियन टायर मोटरस्पोर्ट पार्क म्हणतात पण जुनी माणसं मॉसपोर्टच म्हणतात. जवळजवळ चार किलोमीटरचा ट्रॅक, डोंगरउतार, हिरवळीवर चटई टाकून बसता येतं, डबा नेता येतो. ओव्हल नंतर बघा. आणि पोरांसाठी कानाचे मोठे हेडफोन घरूनच न्या, तिथे दुप्पट पैसे लावतात.