तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सॅम्पल का दाखवत नाही?

“आधी दोन-तीन लोगो करून दाखवा, आवडले तर पैशांचं बोलू.” दुकानदार म्हणतात, संस्थांचे विश्वस्त म्हणतात, नात्यातलेही म्हणतात. मी नकार दिला की पुढचा मुद्दा ठरलेला: “रुपयाचं चिन्हसुद्धा स्पर्धेतूनच आलं ना?”

मग रुपयाचंच बोलू. २००९ साली केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ती स्पर्धा जाहीर केली. अटी लेखी होत्या: चिन्ह नेहमीच्या कीबोर्डवर बसावं, त्यात देशाची सांस्कृतिक ओळख दिसावी. बक्षिसाची रक्कम आधीच जाहीर होती, अडीच लाख रुपये. निवडीला परीक्षक मंडळ होतं. चिन्हावरचा हक्क सरकारकडे जाणार, हेही ठरलेलं होतं. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, त्यांतल्या पाच अंतिम फेरीत पोहोचल्या आणि १५ जुलै २०१० रोजी डी. उदय कुमार यांचं चिन्ह जाहीर झालं. देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा नसलेला रोमन ‘आर’ यांचा तो मेळ आहे, आणि वरच्या दोन आडव्या रेघांमुळे शिरोरेखाही साधली आहे. हे सुचलं ते आयआयटी मुंबईत अक्षररचनेवर पीएचडी करणाऱ्या माणसाला. अक्षरांचा अनेक वर्षांचा अभ्यास त्यामागे होता.

चिन्ह उत्तम आहे, हे मी मनापासून मान्य करते. पण बाकीच्या हजारोंच्या कामाचं काय झालं? ते वाया गेलं. देशाच्या चलनासाठी लोकांनी ते हौसेने सोसलं. तुमच्या फरसाणाच्या दुकानासाठी कुणी का सोसावं? शिवाय तुमच्याकडे लेखी अटी नसतात, रक्कम ठरलेली नसते, परीक्षक म्हणजे घरातली सहा माणसं.

फुकट सॅम्पल देणारे मिळतात, नाही असं नाही. ते बहुधा स्टॉक साइटवरचं, म्हणजे तयार चित्रं विकणाऱ्या वेबसाइटवरचं, चित्र उचलतात आणि खाली नाव टाइप करतात. बहुतेक स्टॉक साइट्सच्या परवान्यात असं चित्र ट्रेडमार्क म्हणून वापरायला मनाई असते. उद्या तुम्ही ट्रेडमार्कसाठी अर्ज कराल, व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन मालाच्या किंवा सेवेच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये भराल आणि तिथे अडकाल. नाव टाइप करून दिलेली फाइल फ्लेक्सवाल्याच्या कोरलमध्ये (त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) तो फाँट नसताना उघडली, की वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात. अक्षरं कर्व्ह्जमध्ये, म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकारांत, बदललेली हवीत, एवढंही अनेकदा केलेलं नसतं.

पूर्वी मी डॉक्टरांचा दाखला द्यायचे: बरं वाटलं तरच फी, असं त्यांना कुणी म्हणतं का? आता तो दाखला मला लंगडा वाटतो. डॉक्टरला नोंदणी लागते. डिझायनरला आपल्याकडे परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावू शकतं. त्यामुळे आगाऊ पैसे देताना तुमचा हात अडखळतो, हे मला कळतं.

म्हणून मी पैशांचे टप्पे पाडते. २५,००० रुपयांच्या कामात निम्मे आगाऊ. त्यात कच्ची रेखाटनं आणि दोन दिशा, म्हणजे लोगोच्या दोन वेगळ्या कल्पना, दोन्ही आधी फक्त काळ्यात, रबरी शिक्क्याच्या मापात आणि फलकाच्या मापात. अनुस्वार आणि रफार शिक्क्यावर बुजतात की नाही, ते तिथेच दिसतं. पसंत पडलं नाही तर काम थांबवा. दिलेले पैसे परत नाहीत, पण पुढचे द्यायचेही नाहीत. एक दिशा निवडलीत की ७,५००, त्यात दोन फेऱ्या दुरुस्त्या. उरलेले ५,००० मूळ फाइल आणि हक्कपत्र (लोगोचे हक्क तुमच्या नावे करणारा कागद) देण्याआधी.

हक्कपत्राचं मात्र लक्षात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतो. त्यात मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांपुरता, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरला जातो. फुकट सॅम्पल आवडलं म्हणून पाटीवर चढवलंत, तर मालकी तुमच्याकडे आलेली नसते.

राहता राहिला नुकता सुरू झालेला घरगुती उद्योग. त्याला १२,५०० आगाऊ म्हणजे महिन्याचा किराणा आणि वर काही. त्यांच्यासाठी मी फक्त नाव रेखाटून देते: एक रंग, एकच पर्याय, ६,००० रुपये. पर्याय न दाखवता पैसे घेणं त्यांना अन्यायाचं वाटतं, आणि पर्याय वाढवले तर ही किंमत मला परवडत नाही. यावर मला अजून तोड सापडलेली नाही.