मातीच्या सैनिकांचा रंग का सुटतो

चीनमधल्या शीआन शहराजवळ 1974 साली विहीर खणताना सापडलेले मातीचे सैनिक आज राखाडी दिसतात. मुळात ते रंगीत होते: तांबूस चेहरे, हिरवे-जांभळे अंगरखे, लाल दोऱ्यांची चिलखतं. चिनी सम्राट छिन शी हुआंग इ. स. पू. 210 मध्ये वारला. त्याच्या थडग्यासाठी ही फौज घडवली.

पाय भरीव, धड वळ्यांवर वळ्या चढवून केलेलं पोकळ, डोकं साच्यातून काढून वेगळं भाजलेलं. आवाची धग साधारण 1000 अंश सेल्सिअस. रंग मात्र भाजणीनंतरच. आधी लावता आलाच नसता: लाल हिंगूळ (पाऱ्याचं खनिज) त्या धगीत उडून जातो, हिरवा मॅलाकाइट आणि निळा अझुराइट काळे पडतात. जांभळा तेवढा स्वतःच भट्टीत जन्मलेला, बेरियम, तांबं आणि गारगोटी एकत्र तापवून केलेला. मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच.

भाजलेली माती पाणी शोषते, म्हणून आधी एक-दोन हात चिकाचे. इंग्रजीत याला लॅकर म्हणतात, पण ही आपली किड्यांची लाख नव्हे. बिब्ब्याच्या कुळातल्या झाडाला चिरा पाडून काढलेला हा चीक. अंगाला लागला तर बिब्ब्यासारखेच फोड उठतात. तो दमट हवेतच घट्ट होतो. वाळून तपकिरी पापुद्रा झाला की त्यावर रंग. चेहऱ्यासाठी हाडांच्या राखेचा पांढरा आणि थोडा हिंगूळ.

गोची या पापुद्र्यातच आहे. दोन हजारांहून जास्त वर्षं ओल्या मातीत राहून तो पाण्यानं भरलेला असतो. उघड्यावर आला की पाणी उडतं, पापुद्रा आक्रसतो, काही मिनिटांत कडा वळतात आणि वरचा रंग घेऊनच तो गळतो. मूर्ती धुवून पुसून घेणं म्हणजे रंग गमावणं.

म्हणून मूर्ती उकरतानाच ओली ठेवतात. पापुद्र्यात पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे पाण्यात विरघळणारं रसायन मुरवतात, तेही पातळ द्रावणापासून टप्प्याटप्प्यानं दाट करत. ते उडून जात नाही, त्यामुळे पापुद्रा आक्रसत नाही. पण एवढ्यानं तो मातीला धरत नाही. त्यासाठी जोडीला पॉलियुरेथेनचं चिकटद्रव्य लागतं.

आणि कित्येकदा रंग मूर्तीवर नसतोच, शेजारच्या ढेकळाला चिकटलेला असतो. तेव्हा ते ढेकूळ फेकायचं नाही, तसंच ओलं उचलायचं.